‘सुजाता’चं ध्वनिवर्णन : कामाच्या नोंदी

१८ मे २०२५, रविवार

काम ठरलं. कोल्हापुरातल्या अंध मुलांच्या एका निवासी शाळेत जुलैमध्ये बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ लावायचा आणि त्याला मराठीतून ध्वनिवर्णन द्यायचं. म्हणजे संवादांच्या मधे जी मोकळी जागा सापडेल, तिथे पडद्यावर काय चाललंय ते सांगत जायचं. गेली सहा वर्षं मी बोलकी पुस्तकं रेकॉर्ड करते, पण सिनेमाचं काम पहिलंच. पुस्तकात मजकूर आयता असतो, नीट वाचला की झालं. इथे लिहायचंही मलाच आहे.

मुलं आठवी ते दहावीची, एकूण २२. हिंदी सगळ्यांना कळतं. सिनेमा निवडला शाळेच्या संगीताच्या सरांनी. त्यांचं म्हणणं, मुलांना यातली गाणी पाठ आहेत, सुरात म्हणतातही, पण ती कोण कुणासाठी म्हणतं, कुठल्या प्रसंगात येतात, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नाही.

हक्कांचं बघून घेतलं. सिनेमा १९५९चा. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, म्हणजे तो २०१९ अखेर संपला. शिवाय २०१२च्या दुरुस्तीपासून अपंग व्यक्तींसाठी कलाकृती त्यांना घेता येईल अशा रूपात आणायला कायद्याने मोकळीक दिली आहे. गीतांचे हक्क वेगळे असतात, म्हणून प्रती काढून वाटायच्या नाहीत. मी समोर बसून माइकवर वाचणार.

२१ मे, बुधवार

वही घेऊन सलग बघितला. अडीच तासांहून मोठा आहे.

गोष्ट थोडक्यात लिहून ठेवते, सुरुवातीला मुलांना सांगायला उपयोगी पडेल. उपेंद्रनाथ चौधरी इंजिनिअर. त्यांच्या मुलीचा, रमाचा वाढदिवस चालू असताना मजूर एक तान्हं मूल घेऊन दारात येतात. आईबाप पटकीने गेलेत, मूल अस्पृश्य जातीचं. चार दिवसांसाठी म्हणून ठेवून घेतलेली ती मुलगी तिथेच वाढते. नाव सुजाता, चांगल्या कुळात जन्मलेली! उपेंद्रनाथांचा जीव तिच्यावर आहे. त्यांची बायको चारू मात्र आयुष्यभर उंबऱ्यावर अडकल्यासारखी, धड जवळ करत नाही, धड दूरही लोटत नाही. पुढे रमासाठी ठरवलेला अधीर सुजाताच्या प्रेमात पडतो.

पहिला प्रश्न श्रेयनामावलीचा. पाट्या संगीतावर सरकत जातात, सगळी नावं वाचायला वेळ नाही. सहा निवडली : कथा सुबोध घोष, पटकथा नवेंदु घोष, छायाचित्रण कमल बोस, गीतं मजरूह सुलतानपुरी, संगीत सचिन देव बर्मन, दिग्दर्शन बिमल रॉय. नटनट्यांची नावं इथे नाहीतच. त्यांचं काय करायचं ते वेगळं ठरवते.

२५ मे, रविवार

डोळे मिटून ऐकला. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त कळतं. दार, कपबशी, पाऊस, होडी, सगळं आवाजात आहे. जिथे अडते ती एकच जागा : नूतन. तिला वाक्यं कमी. घरात दुसरे बोलतात, ती ऐकते, आणि गोष्ट तिच्या ऐकण्यात पुढे सरकते. कानांनी पाहणाऱ्याला ही मुलगी अर्धा वेळ सिनेमात आहे की नाही तेच कळणार नाही. नायिकाच हरवायची, म्हणजे माझं काम मुळात तिला जागेवर ठेवण्याचं.

वेग मोजला. स्पष्ट आणि न धापता वाचलं तर सेकंदाला दोन, फार तर अडीच शब्द जातात. चार सेकंदांच्या गॅपला आठ-नऊ शब्द. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य मधेच तोडता येत नाही. ‘चारू मुलीकडे’ एवढंच म्हणून संवाद सुरू झाला तर ऐकणारा लटकतो. वाक्यं तीन-चार शब्दांचीच ठेवायची.

३० मे, शुक्रवार

पहिल्या १५ मिनिटांचं लिखाण घेऊन काकांकडे गेले. काका जन्मापासून अंध, एका बँकेत ३१ वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. त्यांनी पास केल्याशिवाय स्क्रिप्टची एक ओळही पुढे जाणार नाही, हे माझं मीच ठरवलंय.

मी वाचायला लागले. “खोलीत मंद उजेड. भिंतीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या. चारूच्या चेहऱ्याची एक बाजू अंधारात.” कमल बोस यांचा कॅमेरा फार देखणा आहे, आणि तो मुलांपर्यंत पोचलाच पाहिजे असं माझ्या मनात होतं. काकांनी तीन मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सावल्या झाल्या, उजेड झाला. आता बाळ कुणाच्या हातात आहे ते सांग की.”

मी वही उलटसुलट केली. ते मी लिहिलंच नव्हतं.

“अगं, अस्पृश्य म्हणजे काय? हात न लावायचा. मग हात कुणी लावला आणि कुणी नाही, हीच गोष्ट नाही का? तीच तू खाऊन टाकलीस.”

घरी येऊन सगळं लिखाण बाजूला ठेवलं. तक्त्यात वेळ, प्रसंग, वर्णन असे तीन रकाने होते. चौथा काढला : स्पर्श.

४ जून, बुधवार

आज नूतनचा जन्मदिवस, जन्म १९३६चा. आणि सुलोचनादीदी गेल्या त्याही ४ जूनलाच, २०२३ साली. नूतन सुजाता, दीदी चारू. आजची तारीख वहीत घालताना हात जरा थांबला.

नटनट्यांच्या नावांचं आज ठरवलं. आवाजांची ओळख सिनेमा सुरू व्हायच्या आधी करून द्यायची, प्रत्येकीचं एक वाक्य ऐकवून. इथे एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगणार आहे. बंगाली दिग्दर्शक, बंगाली लेखकाची कथा, बंगाली घर, आणि त्या घरातल्या चारही मोठ्या बायका आपल्या : नूतन समर्थ, सुलोचना लाटकर, रमा झालेली सोलापूरची शशिकला जवळकर, आणि गिरिबाला बुआ झालेल्या येवल्याच्या ललिता पवार. दीदी तर चिकोडी भागातल्या खडकलाटच्या, घडल्या कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली. दीदींचा जन्म १९२८चा, म्हणजे पडद्यावरची ही आई मुलीपेक्षा जेमतेम आठ वर्षांनी मोठी. आणि शशिकला, जी सुजाताच्या बरोबरीची बहीण, ती नूतनपेक्षा चार वर्षांनी मोठी. डोळ्यांना हे वेशभूषा आणि मेकअप विसरायला लावतात. कानाला तशी मदत नाही, पण दीदींनी ते आवाजातच करून ठेवलंय. शब्द सावकाश सोडतात, वाक्याच्या शेवटी आवाज खाली बसवतात. तीस-एकतीसच्या बाईचा आवाज आहे हे आज मुद्दाम ऐकूनही पटेना.

‘बचपन के दिन’ला दोन बहिणींचे दोन आवाज आहेत, गीता दत्त आणि आशा. गीताबाईंचा रमासाठी, आशाबाईंचा सुजातासाठी. आधी एवढं सांगितलं की गाण्यात वर्णनाची गरज उरत नाही. सर खूश.

११ जून, बुधवार

स्पर्शाचा रकाना पुरा झाला. सात रात्री लागल्या.

रकान्यात ‘कोण कुणाला हात लावतं’ हे भरायला घेतलं होतं. दुसऱ्याच रात्री लक्षात आलं की महत्त्वाचं ते नाहीच. चारू मुलीच्या जवळ येते आणि राहते. हात उचलला जातो आणि कामाकडे वळतो. मुलगी आयाच्या कडेवर, आया दोन पावलं मागे. न झालेले स्पर्श आहेत हे, आणि मी ते लिहीत नव्हते, कारण जे घडतं ते लिहायचं अशी सवय. बघणाऱ्याला ही जागा आपोआप दिसते, दोन माणसांमधली रिकामी जागा. तिला शब्द द्यायचा तर ‘चारू हात लावत नाही’ असं सरळ म्हणावं लागतं. आता म्हणते. सबंध स्क्रिप्टमध्ये अशी नकाराची १४ वाक्यं झाली.

काळ्यापांढऱ्यातल्या सावल्यांपैकी बऱ्याच गेल्या. मला त्या सोडवत नव्हत्या, अजूनही थोडं लागतंय. चार ठेवल्यात, जिथे अंधारात माणूस लपलेला आहे तिथे.

‘बेटी जैसी’वर दोन दिवस गेले. चारू सुजाताची ओळख करून देताना मुलगी म्हणत नाही, मुलीसारखी म्हणते. तो ‘जैसी’ हा सिनेमातला सगळ्यात जड शब्द. त्यानंतर नूतनच्या चेहऱ्याला मिळतो जेमतेम दीड सेकंद, तीन शब्दांचा. ‘सुजाताचा चेहरा उतरतो’ लिहिलं, खोडलं. तो उतरत नाही, ही मुलगी चेहरा उतरू न द्यायला शिकलेली आहे. ‘सुजाता गप्प’ लिहिलं, तेही खोडलं, गप्प आहे हे ऐकू येतंच. शेवटी वर्णन तिथून उचललं आणि प्रसंगाच्या सुरुवातीला नेलं : खोलीत कोण आहे, सुजाता त्यांच्यापासून किती अंतरावर आहे. ती तिथे उभी आहे हे एकदा कळलं की ‘जैसी’ हा शब्द तिच्यापर्यंत पोचलेला ऐकणाऱ्याला समजतो.

१८ जून, बुधवार

टेलिफोनचं गाणं.

‘जलते हैं जिसके लिए’, तलत महमूद. अधीर फोनवर गातो, दुसऱ्या टोकाला सुजाता ऐकते. तिला गाण्यात एकही ओळ नाही. हिंदी सिनेमात नायिकेने नुसतं ऐकलेलं असं दुसरं गाणं मला तरी इतकं लागलेलं नाही. मी त्यासाठी ११ ओळी लिहिल्या होत्या. नूतनची मान, बोटं, ओठ, पापण्या. लिहिताना अभिमान वाटला होता.

काकांनी ११ ओळींसकट गाणं ऐकलं. मग म्हणाले, आता तू न बोलता लाव. लावलं. संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी बँकेतल्या बोर्डाचं सांगितलं. लाइन जोडली की ऑपरेटरने कानावरून काढायचं असतं, पण ट्रंक कॉल मधे तुटायचे, म्हणून जोडला गेला की नाही ते क्षणभर ऐकावं लागे. “पलीकडचा माणूस बोलत नसला तरी आहे हे कळतं. खोली ऐकू येते. श्वास येतो. गेलेला असला की लाइन कोरडी होते.” आणि मग जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत ठेवते : “ह्या गाण्यात ती पोरगी माझ्यासारखीच हाय की. तिलाही तो दिसत नाही. कानाला लावलाय, आवाज येतोय, तेवढाच तिचा. मला जे मिळतंय तेच तिला मिळतंय. तू मधे बोललीस की माझी लाइन तुटते.”

सगळ्या सिनेमात हे एकच ठिकाण आहे जिथे मुलं आणि सुजाता अगदी एका जागी बसलेली असतील, आणि मी तिथे ११ ओळींची गर्दी केली होती. उलट डोळस माणूस इथे सुजाताच्या बाहेर असतो, तो तिला बघत असतो.

दोन ओळी ठेवल्या. गाण्याआधी : ‘फोनवर अधीर. इकडे सुजाता, एकटी, रिसीव्हर कानाला.’ आणि शेवटच्या अंतऱ्याच्या आधी, वाद्यांवर : ‘सुजाताचे डोळे भरलेत.’ दुसरी ओळ काकांना नको होती. मी हटून ठेवली. पलीकडच्या अधीरलाही ते कळत नसतं, पण मुलांना कळायला हवं असं मला वाटतं. काका म्हणाले, ठेव, पण हळू बोल.

२७ जून, शुक्रवार

शाळेच्या हॉलमध्ये पहिली तालीम, आणि फसली. हॉलवर पत्रे आहेत. दुपारी तीनपासून असा पाऊस लागला की स्पीकरचा आवाज चढवला तरी वाक्यं बुडत होती. त्यात सिनेमातला पाऊस सुरू झाला. आपण अस्पृश्य आहोत हे समजल्यावर सुजाता जीव द्यायला पावसात नदीकडे धावते तो प्रसंग. बघायला बसलेल्या नववीच्या दोन मुलींना कळेना, पाऊस सिनेमात पडतोय की बाहेर. एकीने घाबरून विचारलं, बाहेर कोण रडतंय?

हॉल रद्द. वरच्या मजल्यावर दोन वर्गांमधली फळ्यांची भिंत सरकते, वर स्लॅब आहे. तिथे करू.

त्याच प्रसंगात घाटावर गांधीजींचे आत्महत्येच्या विरोधातले शब्द दिसतात आणि ती मागे फिरते. ते कुणी मोठ्याने वाचत नाही. मी गाळले तर मुलांना ती का परतली तेच कळणार नाही. म्हणजे सबंध स्क्रिप्टमधली ही एक जागा अशी, जिथे माझं वाक्य चुकलं तर नायिका मरते. गॅप नऊ सेकंदांचा, पण पावसाचा आवाज आणि संगीत मोठं. शब्द जसेच्या तसे हिंदीत वाचायचे, आधी फक्त ‘घाटावर कोरलेले गांधीजींचे शब्द’. मूळ आवाज तेवढ्यापुरता खाली घ्यायचं सरांनी मान्य केलं.

५ जुलै, शनिवार

दुसरी तालीम, वरच्या वर्गात. बरी झाली. दोन ठिकाणी मी चारूच्या वाक्यावर चढले. माझा स्पीकर मुलांच्या मागे ठेवला आणि सिनेमाचा पुढे, म्हणजे गोष्ट समोरून येते आणि सांगणारी पाठीमागून, दोन आवाज मिसळत नाहीत. ही सरांची कल्पना. ‘सुन मेरे बंधू रे’ला काहीच बोलत नाही. बर्मनदांचा आवाज, पाणी, नावाडी, बास.

१२ जुलै, शनिवार

आज झाला. बिमल रॉय यांचा जन्म १२ जुलै १९०९चा, म्हणून सरांनी हाच दिवस धरला होता.

२२ मुलं, सहा शिक्षक, स्वयंपाकाच्या मावशी आणि काका. मध्यंतरात चहा. पावसाने उसंत दिली. मी दोनदा अडखळले, एकदा पानच पुढे गेलं आणि रमाच्या वाट्याचं वर्णन सुजाताच्या प्रसंगात वाचलं. पुढच्या गॅपमध्ये ‘चुकलं, ती सुजाता’ म्हणून दुरुस्त केलं. मुलं ओरडली, आम्हाला आवाजावरून कळलं होतं.

टेलिफोनच्या गाण्यात वर्गात कुणी हललं नाही. मागच्या बाकावरची दोघं आधी तोंडपाठ म्हणत होती, पहिल्या अंतऱ्यानंतर तीही थांबली. माझी ओळ मी जवळजवळ श्वासावर बोलले.

नकाराची वाक्यं मात्र मुलांनी धरली. ‘चारू हात लावत नाही’ तिसऱ्यांदा आलं तेव्हा एक मुलगा चिडून म्हणाला, “लाव की गं!” इथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरतो. जेवायला जाताना, अंघोळीला जाताना, नवं मूल आलं की पहिले आठ दिवस कुणीतरी त्याचा हात धरलेलाच असतो. या मुलांना न शिवण्याचा अर्थ मी समजावून सांगायची गरज नव्हती. आठवीतल्या एका मुलीने तर विचारलं, “हात न लावता ती घरात चालायला शिकली कशी?” मी आयाचं नाव सांगितलं. तिला ते पुरलं नाही.

शेवट चारूला अपघात होतो, रक्त द्यावं लागतं, आणि घरात फक्त सुजाताचं रक्त जुळतं. मग चारूचं मन वळतं. दहावीतल्या मुलीने हात वर केला. “आणि रक्त जुळलं नसतं तर?”

सर काहीतरी सांगायला लागले, तिने त्यांना पुरं बोलू दिलं आणि मग म्हणाली, “शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा प्यायला गेले, तेव्हा कुठं कुणाचं रक्त तपासलं होतं?”

मी यावर तेव्हा काही बोलले नाही, इथे लिहिते. गंगाराम कांबळे अस्पृश्य मानलेल्या जातीतले. तिचं बरोबर आहे. सिनेमा आला तेव्हा अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणारा कायदा होऊन चार वर्षं झाली होती, आणि बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली त्याला तीन. त्या लोकांनी आम्हाला घरात घ्या म्हणून कुणाचं मन वळवलं नव्हतं. ‘सुजाता’ गांधींच्या वाटेने जातो, चारूचं मन बदलायची वाट बघतो, आणि ते बदलायची सगळी किंमत मुलीकडून घेतो, शेवटी शब्दशः रक्त. हे मला खटकतं आणि तरीही हा सिनेमा मला फार प्रिय आहे, कारण जात घरात कशी राहते, मायेच्या आत, चांगल्या माणसांच्या हातात, हे त्याने १९५९ साली इतक्या जवळून दाखवलं. चारू दुष्ट नाही. म्हणून तर ती ओळखीची वाटते.

१५ जुलै, मंगळवार

दुरुस्त्या. शाळेला स्क्रिप्टची प्रत ब्रेलमध्ये हवी आहे, म्हणजे पुढच्या वर्षी वर्णन त्यांच्यातलंच कुणी वाचेल. त्याआधी हे :

मध्यंतरानंतर बागेतल्या प्रसंगात माझं बोलणं जास्त झालं, अर्ध्यावर आणणे. बुआजींच्या प्रवेशाला नाव आधी घेणे, ललिता पवारांचा आवाज मुलांनी ओळखायच्या आत त्या दोन वाक्यं बोलून जातात. गांधीजींच्या शब्दांनंतर दोन सेकंद गप्प राहणे.

एक राहिलं. शेवटी मी वाचलं होतं : ‘चारू सुजाताला जवळ घेते.’ काल ती दहावीतली मुलगी फोनवर म्हणाली, “ताई, सगळ्या सिनेमात तुम्ही सांगत होता हात लावत नाही, हात लावत नाही. मग लावला तेव्हा नुसतं जवळ घेते? हात कुठं ठेवला ते सांगा की. डोक्यावर, पाठीवर, का तोंडावरनं फिरवला?”

आठवून बघितलं, आठवलं नाही. इतक्या वेळा बघूनही तिथे माझी नजर नूतनच्या चेहऱ्यावरच गेली असणार. उद्या सकाळी तो प्रसंग लावून बघायचा, आणि ती ओळ बदलून काकांना फोन करायचा.